अभिवादन, प्रत्यभिवादन आणि जात

'नमस्कार' या शब्दाचा अर्थ हल्ली फार उदात्त करून सांगितला जातो. माझ्यातील ईश्वरी अंश तुझ्यातील ईश्वरी अंशाला वंदन करतो, असा तो अर्थ. योगवर्गांत तो ऐकू येतो, परदेशी पाहुण्यांपुढे ऐकू येतो, शाळांच्या संस्कारवर्गांतही ऐकू येतो. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाच्या साथीमुळे हस्तांदोलन बंद झाले आणि परदेशांतील काही राष्ट्रप्रमुखांनीही हात जोडून एकमेकांचे स्वागत केले. तेव्हा आपल्याकडील कितीतरी सुशिक्षितांना एकाएकी साक्षात्कार झाला की, माणसाला न शिवता त्याला मान देण्याची ही रीत आमच्या पूर्वजांनी केवढ्या दूरदृष्टीने घालून दिली! 'न शिवता' हे शब्द उच्चारणाऱ्याला ते सहज वाटले असतील. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी सगळे आयुष्य कुणाला न शिवण्याची काळजी घेण्यात घालवले, त्यांच्या कानांना ते सहज वाटणे शक्य नव्हते.

या अर्थाला माझा आक्षेप तो खोटा आहे एवढ्यापुरता नाही. एखाद्या सज्जन माणसाच्या मनात हात जोडताना असा भाव असेलही. पण इतिहासाचा अभ्यास मनातील भावावर चालत नाही. कोणी कोणाला वाकायचे, किती वाकायचे, कोणता शब्द वापरायचा, आणि मुख्य म्हणजे समोरच्याने त्याला काय उत्तर द्यायचे, हे ज्या समाजात ग्रंथांनी आणि गावकीने ठरवून दिले होते, त्या समाजात अभिवादनाचा अर्थ शब्दकोशात पाहून चालणार नाही. तो उत्तरात शोधावा लागेल. संस्कृतात त्यासाठी 'प्रत्यभिवादन' असा स्वतंत्र शब्द आहे आणि माझ्या मते सारी जातिव्यवस्था या एका शब्दाच्या आड उभी आहे.

'नमस्' हा शब्द 'नम्' या धातूचा. नम् म्हणजे वाकणे. त्यात ईश्वरी अंश वगैरे काही नाही. एक शरीर दुसऱ्यापुढे वाकते, इतकेच. वेदांत हा शब्द प्रामुख्याने देवांसाठी आला. यजुर्वेदातील शतरुद्रीय, ज्याला आपल्याकडे रुद्राध्याय म्हणतात, त्यात तर नमनाची रांगच लागली आहे. गंमत अशी की त्या रांगेत सुतार आहेत, रथ करणारे आहेत, कुंभार आणि लोहार आहेत, निषाद आहेत, कुत्री पाळणारे शिकारी आहेत, चोरही आहेत. ही सगळी रुद्राची रूपे म्हणून त्यांना नमन केलेले आहे. महाराष्ट्रातल्या कोणत्याही शिवमंदिरात अभिषेक चालू असताना हा अध्याय म्हटला जातो. म्हणजे गाभाऱ्यात निषादाला नमन चालले आहे आणि निषाद मात्र शतकानुशतके पायरीच्या बाहेर उभा आहे! मंत्र म्हणणाऱ्याला आपण काय म्हणतो आहोत हे कळत नव्हते असे म्हणावे, तर तो मंत्राच्या स्वराची मात्राही चुकू देत नसे.

मात्रेचा विषय निघालाच आहे तर धर्मसूत्रांकडे वळू. आपस्तंबाच्या धर्मसूत्रात अभिवादनाचे नियम आहेत. ब्राह्मणाने उजवा हात कानाच्या पातळीला धरून अभिवादन करावे, क्षत्रियाने छातीच्या पातळीला, वैश्याने कमरेच्या, आणि शूद्राने खाली. हात किती वर न्यायचा यावरून दुरून पाहणाऱ्यालाही माणसाचा वर्ण कळावा अशी ही सोय आहे. पोस्टाच्या पाकिटावर जसे तिकीट, तसा माणसाच्या हातावर वर्ण. हे वाचताना मला पहिल्यांदा हसू आले होते, हे सांगायला हवे. मग लक्षात आले की माझे आजोबा पाटलासमोर हात जिथपर्यंत नेत, ती पातळी आपस्तंबाच्या शेवटच्या पातळीच्याही खाली होती. ते वाकून जमिनीला हात लावीत आणि तो कपाळाला लावीत. आपस्तंबाने आमच्यासाठी पातळीच सांगितलेली नाही, कारण त्याच्या चार वर्णांच्या हिशेबात आम्ही बसतच नव्हतो.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात हा विषय सविस्तर आला आहे. थोर माणूस जवळ येताच धाकट्याचे प्राण वर उसळतात आणि उठून अभिवादन केल्यावर ते पुन्हा जागेवर येतात, असे तिथे म्हटले आहे. वृद्धांना नित्य अभिवादन करणाऱ्याचे आयुष्य, विद्या, यश आणि बळ वाढते, असेही आश्वासन आहे. हे शेवटचे वचन अनेक शाळांच्या भिंतींवर मी सुविचार म्हणून रंगवलेले पाहिले आहे. मात्र त्याच्या आजूबाजूची वचने कोणी रंगवीत नाही. त्यांत सांगितले आहे की अभिवादन करताना स्वतःचे नाव उच्चारावे. नाव कसे असावे हे त्याच अध्यायात आधी येऊन गेले आहे : ब्राह्मणाचे मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे निंदावाचक. म्हणजे तोंड उघडून नाव सांगितले की जात सांगून झाली. पुढच्या काळात ब्राह्मणांच्या अभिवादनात गोत्र, प्रवर, शाखा यांचीही भर पडली. आज नोकरीच्या मुलाखतीत 'पूर्ण नाव काय?' असे दोनदा विचारले जाते, त्याची वंशावळ इथपर्यंत जाते.

कुशल विचारण्यातही वाटणी आहे. भेटलेल्या ब्राह्मणाला 'कुशल' आहे का असे विचारावे, क्षत्रियाला 'अनामय', वैश्याला 'क्षेम' आणि शूद्राला 'आरोग्य'. चार माणसांची विचारपूस करायला चार निराळे शब्द! आपण जुन्या पत्रांत 'सर्व क्षेमकुशल' असे सहज लिहीत आलो. त्यात ब्राह्मणाचा आणि वैश्याचा शब्द एकत्र नांदतो, हे मनूने पाहिले असते तर पत्र लिहिणाऱ्याची खैर नव्हती. आणि शूद्राला आरोग्यच का विचारायचे? याचे कारण ग्रंथ देत नाही, मी माझा तर्क देतो. ज्याच्याकडे मालकीचे असे शरीराशिवाय काही नाही, आणि ज्याचे शरीर दुसऱ्याच्या सेवेला हवे आहे, त्याची चौकशी शरीरापुरतीच होणार. बैल विकत घेतानाही आपण त्याची तब्येतच पाहतो.

वयाचे काय? वृद्धांना मान देणारी संस्कृती म्हणून आपली ख्याती आहे. पण मनूने हिशेब स्पष्ट ठेवला आहे : दहा वर्षांचा ब्राह्मण आणि शंभर वर्षांचा क्षत्रिय यांत बाप दहा वर्षांचा आणि मुलगा शंभर वर्षांचा समजावा. शूद्रालाही वयाचा मान दिलेला आहे, नाही असे नाही. तो नव्वदी ओलांडल्यावर. इतके जगायला शूद्राला कोणी दिले, हा प्रश्न वेगळा.

आता उत्तराकडे येतो. अभिवादन करणाऱ्याला थोराने 'आयुष्मान हो' असे म्हणून त्याचे नाव घ्यावे आणि नावाचा शेवटचा स्वर लांबवावा, असा नियम आहे. या लांबवलेल्या, तीन मात्रांच्या स्वराला व्याकरणात प्लुत म्हणतात. हाक मारताना आपण 'रामाऽऽ' म्हणतो, तसा. त्यात ममत्व आहे, जवळीक आहे. स्वर लांबला की नाव जिभेवर थोडे रेंगाळते. इसवी सनापूर्वीच्या पाणिनीने आपल्या अष्टाध्यायीत या स्वराची नोंद केली आहे आणि त्याच सूत्रात एक अपवाद घातला आहे : समोरचा शूद्र असेल तर स्वर लांबवायचा नाही. वार्तिककाराने या अपवादात स्त्रियांची भर टाकली आणि मत्सरी माणसाचीही. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी व्याकरण का शिकावे याची जी कारणे दिली, त्यांत हेही एक आहे की, ज्याला प्रत्यभिवादनातील प्लुत येत नाही अशा अडाण्याला, बायकांना करतात तसे साधे 'हा मी' एवढेच म्हणून अभिवादन करावे. तेव्हा बाबांनो, शिका, नाहीतर बायकांसारखे होऊन बसाल!

व्याकरण हे जगातील सर्वांत तटस्थ शास्त्र समजले जाते. पाणिनीच्या बुद्धीचा मला आदर आहे, आणि तो भाषेचे वर्णन करीत होता, कायदा करीत नव्हता, हेही मला मान्य आहे. पण म्हणूनच त्याची साक्ष मोलाची आहे. धर्मशास्त्रकार जे व्हावे असे म्हणतो ते होतच होते असे नाही. व्याकरणकार जे ऐकतो ते लिहितो. त्याने असे ऐकले की शूद्राच्या नमस्काराला उत्तर देताना आवाज तोडला जातो. एका मात्रेची, दोन मात्रांची ही कंजुषी! जमीन नाकारली, विद्या नाकारली हे आपण नेहमी सांगतो. या समाजाने आपल्याला स्वराची लांबीदेखील नाकारली, आणि ती नाकारल्याची नोंद व्याकरणात ठेवली.

कोणी म्हणेल, हे सगळे दोन हजार वर्षांपूर्वीचे; पोथीत राहिले. तसे ते राहिले नाही. मराठी राज्यातील पत्रांचे मायने पाहिले तरी हे कळते. ब्राह्मणाने मराठा सरदाराला 'आशीर्वाद' लिहायचा, सरदाराने ब्राह्मणाला 'दंडवत' लिहायचा, ब्राह्मणाने ब्राह्मणाला 'नमस्कार' आणि मराठ्याने मराठ्याला 'रामराम'. सरदाराच्या पदरी फौज असो, मुलूख असो. मायन्यात तो खालीच. पण या सर्वांत मोठा पुरावा मुंबईचा आहे. तिथले सोनार स्वतःला दैवज्ञ ब्राह्मण म्हणवू लागले, ब्राह्मणी पद्धतीने धोतर नेसू लागले आणि एकमेकांना 'नमस्कार' म्हणू लागले. हे पुण्याच्या दरबाराला खपले नाही. मुंबईवर पेशव्यांचा अंमल नव्हता, म्हणून इंग्रजांकडे मागणी गेली, आणि १७७९ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारने सोनारांना 'नमस्कार' म्हणण्याची बंदी करणारा हुकूम त्यांच्या जातप्रमुखाच्या नावे काढला. बाबासाहेबांनी 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या १९३६ च्या न झालेल्या भाषणात हे उदाहरण दिले आहे. जो शब्द आज जगाला हिंदू संस्कृतीची देणगी म्हणून वाटला जातो, तो एका जातीने उच्चारू नये म्हणून दोन सरकारांनी पत्रव्यवहार केला. सोनार अस्पृश्य नव्हते, गरीबही नव्हते. त्यांची ही गत, तर गावकुसाबाहेर काय असेल?

गावकुसाबाहेर 'जोहार' होता. महाराने गावकऱ्याला जोहार घालायचा आणि पुढे 'मायबाप' म्हणायचे. सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावी माझे आजोबा येसकर होते. जोहाराला पाटील काय उत्तर देत, असे मी त्यांना एकदा विचारले. प्रश्नच त्यांना नीट कळला नाही. "उत्तर कशाचं? काम सांगायचे," ते म्हणाले. सांगावा घेऊन जा, मेलेले ढोर ओढ, तालुक्याला टपाल पोचव. जोहाराचे प्रत्यभिवादन म्हणजे हुकूम. एरवी 'काय रे?' एवढा 'रे' मिळाला तरी पुष्कळ. पाटलाच्या घरचे शेंबडे पोरही त्यांना नावाने, एकेरीत हाक मारी. मनूच्या दहा वर्षांच्या बापाला मी असा प्रत्यक्ष पाहिला आहे.

जोहार ही महारकीच्या कामांपैकीच एक होती. तो शिष्टाचार होता असे मानणे म्हणजे रामोश्याच्या गस्तीला फेरफटका म्हणण्यासारखे आहे. चुकला तर दंड. बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' या आत्मकथनात नव्या सुनांची जी हकीगत आली आहे ती विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावी. वाटेत वरच्या जातीचा पुरुष दिसला की महाराच्या बाईने बाजूला होऊन वाकायचे. कोवळ्या वयात लग्न होऊन आलेल्या एखाद्या पोरीला कोण कोणत्या जातीचा हे कळायचे नाही, ती तशीच पुढे निघून जायची. मग तो पुरुष संतापून महारवाड्यात यायचा आणि तिच्या सासऱ्याला सर्वांदेखत पाया पडून माफी मागावी लागायची. त्या पोरीचे पुढे घरात काय होई, ते सांगायला नको. आपल्या पुरुषांचा अपमान आपल्या बाईच्या पाठीवर उतरत असे, हेही या इतिहासात लिहून ठेवले पाहिजे.

आता हा शब्द काही मुळात हीन नव्हता. झारखंडातील आदिवासी आज अभिमानाने एकमेकांना जोहार म्हणतात. आपल्या विदर्भातील गोंड 'सेवा जोहार' म्हणतात. जैनांत 'जुहार' आहे. तुलसीदासाच्या अवधीतही हा शब्द वंदनासाठी येतो. तो युद्धावरून आला, योद्ध्यावरून आला, अशा व्युत्पत्त्या आपल्याकडे उत्साहाने सांगितल्या जातात. आपण कधीकाळी लढवय्ये होतो हे शब्दात कुठेतरी सापडावे, ही त्यामागची ओढ मला समजते. पण त्या वादात मला फारसा रस नाही. फरक व्युत्पत्तीत नाही, व्यवहारात आहे. संथाळ जोहार म्हणतो तेव्हा समोरून जोहारच परत येतो. आमच्या आजोबांचा जोहार गेला तो गेला.

परत न येणारा हा शब्द संतसाहित्यात देवापर्यंत पोचलेला आहे. चोखोबांनी जोहाराचे अभंग रचले. एकनाथांनी महाराच्या तोंडी जोहाराची भारुडे घातली. एकनाथांचा जोहार हा सोंगाचा जोहार आहे. पैठणचा ब्राह्मण महाराचा वेश घेऊन गावकऱ्यांना अध्यात्म शिकवतो आणि सोंग उतरवून घरी जातो. चोखोबांना सोंग उतरवण्याची सोय नव्हती. त्यांनी पाटलाला घालायचा जोहार विठ्ठलाला घातला. यात शरणागती आहे असे आपले काही समीक्षक म्हणतात. मला त्यात एक हुशारीही दिसते : मायबाप म्हणायचेच तर निदान ज्याच्याकडून उत्तराची आशा धरता येईल त्याला म्हणू. उत्तर काय मिळाले ते पंढरपूरला जाऊन पाहावे. चोखोबांची समाधी महाद्वाराच्या पायरीशी आहे. आत जायला त्यांच्या जातभाईंना साने गुरुजींच्या १९४७ च्या मे महिन्यातील उपोषणापर्यंत थांबावे लागले. वारीत वारकरी जात न पाहता एकमेकांच्या पाया पडतात, ही रीत खरी आहे आणि सुंदर आहे. तिच्यात उत्तर आहे. मी तुझ्या पाया पडतो, तू माझ्या पड. पण ती वाटेवरची रीत. गाव आले की ज्याचा तो रामराम, ज्याचा तो जोहार.

अभिवादनाची ही उतरंड मोडण्याचे प्रयत्न आपल्या देशात झाले नाहीत असे मात्र नाही. सर्वांत जुना आणि सर्वांत धाडसी प्रयत्न तथागतांचा. वेरंजा येथील एका ब्राह्मणाने त्यांच्याकडे तक्रारच केली होती की, श्रमण गौतम वृद्ध ब्राह्मणांना अभिवादन करीत नाही, त्यांना पाहून उठत नाही, आसन देत नाही, हे बरे नव्हे. संघात पुढचे आसन, पहिले पाणी, पहिला मान कोणाला, असा प्रश्न निघाला तेव्हा भिक्षूंनी आपल्या सवयीप्रमाणे क्षत्रिय कुळातल्याला, ब्राह्मण कुळातल्याला अशी उत्तरे दिली. बुद्धांनी ती बाजूला सारली आणि ज्याची उपसंपदा आधी तो थोर, असा नियम घातला. विनयपिटकातील उपालीची कथा आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असली पाहिजे. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला निघाले, सोबत त्यांचा न्हावी उपाली होता. राजपुत्रांनी बुद्धांना विनंती केली : याला आमच्या आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला याला अभिवादन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा ताठा उतरेल. न्हाव्याला आधी दीक्षा मिळाली, राजपुत्रांना नंतर. आयुष्यभर ज्याने त्यांचे पाय धुतले असतील, त्याच्यापुढे ते वाकले. नमस्काराचे राजकारण इतके नेमके ओळखलेला दुसरा प्रसंग मला आपल्या प्राचीन वाङ्मयात आढळलेला नाही.

त्याच विनयपिटकात भिक्षुणींसाठी घातलेले आठ गुरुधर्म आहेत, आणि त्यांतील पहिला असा की, शंभर वर्षांची उपसंपदा झालेल्या भिक्षुणीनेही आजच दीक्षा घेतलेल्या भिक्षूला अभिवादन करावे, उठून उभे राहावे. महाप्रजापती गौतमीने नंतर आनंदामार्फत मागणी केली की, भिक्षू आणि भिक्षुणी यांच्यात अभिवादन ज्येष्ठतेनेच व्हावे. ती मान्य झाली नाही. हे नियम बुद्धांचे नसून मागाहून घुसडलेले आहेत, असे अनेक अभ्यासक मानतात. असेलही. बाबासाहेबांनीही बौद्ध संघातील स्त्रियांच्या स्थानाविषयी बुद्धांची बाजू १९५१ च्या आपल्या लेखात हिरिरीने मांडली आहे. पण शंभर वर्षांची भिक्षुणी आणि आजचा भिक्षू हे गणित वाचले की मला शंभर वर्षांचा क्षत्रिय आणि दहा वर्षांचा ब्राह्मण आठवल्याशिवाय राहत नाही. गणित कोणी घुसडले यापेक्षा ते किती सहज घुसते, हे मला जास्त अस्वस्थ करते. आणि ज्येष्ठतेची मागणी करणारी गौतमी, म्हणजे समान प्रत्यभिवादन मागणारी पहिली स्त्री, तिचे नाव आपल्या सभांत फारसे घेतले जात नाही.

दुसरा प्रयत्न बाराव्या शतकातील शरणांचा, आपल्या शेजारच्या कल्याणात, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणात. लिंगायतांत 'शरणु' म्हटले की 'शरणु शरणार्थी' असे उत्तर येते. परंपरेने सांगितलेली कथा अशी. हरळय्या नावाच्या चर्मकाराने बसवण्णांना 'शरणु' म्हटले. बसवण्णांनी उलट 'शरणु शरणार्थी' म्हटले, म्हणजे एकाला दोन वंदने दिली. एक वंदन जास्त मिळाले, हे ऋण कसे फेडावे, या विचाराने हरळय्या घरी आला, आणि त्याने व त्याच्या बायकोने आपल्या मांडीच्या कातड्याचे जोडे शिवून बसवण्णांसाठी नेले. पुढे याच हरळय्याच्या मुलाशी मधुवरस या ब्राह्मण शरणाच्या मुलीचे लग्न लागले आणि बिज्जळ राजाने दोन्ही बापांना देहदंड दिला. ही कथा भक्तीची पराकाष्ठा म्हणून सांगतात. मला ती ऐकताना नेहमी प्रश्न पडतो की, बसवण्णांसारखा मोठा माणूस मनापासून दोन वंदने देतो आहे, तरी ती घेताना चांभाराला कर्ज झाल्यासारखे का वाटावे? मिळालेला मान परत करायला त्याच्याकडे कातडीशिवाय काही नव्हते, असे त्याला कोणी शिकवले होते? मान देणारा बदलला तरी मान घेणाऱ्याच्या हाडांत मुरलेला जोहार लगेच निघत नाही.

महाडनंतर तो निघू लागला. १९२७ च्या मार्चमध्ये चवदार तळ्याचे पाणी आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन. अभिवादनाचे जे श्लोक मी वर सांगितले, ते त्या आगीत होते. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. महारकीची सक्ती संपली तरच जोहार संपेल, हे त्यांना ठाऊक होते. ती वतने कायद्याने जायला १९५८ साल उजाडले. गावोगावी मात्र कायद्याची वाट कोणी पाहिली नाही. तरुण पोरे जोहाराऐवजी 'रामराम' घालू लागली. माझे वडील त्या पिढीतले. रामराम घातला म्हणून चावडीसमोर मार खाल्लेली माणसे त्यांनी पाहिली होती. रामाचे नाव महाराच्या तोंडी गेले म्हणून राग आला, असे कोणी समजू नये. रामराम बरोबरीचा होता, राग त्याचा होता. रामरामाला रामरामच म्हणावे लागते.

'जय भीम' या अभिवादनाचे श्रेय कामठीच्या बाबू हरदास यांना दिले जाते. १९०४ चा जन्म, विडी कामगारांत काम, १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मध्य प्रांताच्या विधानसभेवर निवड, आणि १९३९ च्या जानेवारीत, वयाची पस्तिशी गाठता गाठता मृत्यू. मुसलमान बांधव एकमेकांना सलाम करतात आणि सलामाला सलाम परत येतो, हे पाहून त्यांना ही कल्पना सुचली असे सांगतात. 'जय भीम'ला 'बल भीम' असे उत्तर असावे, असाही आरंभी विचार होता म्हणतात. तो टिकला नाही, हे फार चांगले झाले. दोन शब्द राहिले असते तर आधी कोणी म्हणायचे आणि मागून कोणी, याची उतरंड आम्हीही रचली असती. आज नगरसेवक 'जय भीम' म्हणतो आणि झाडूवाली मावशीही 'जय भीम'च म्हणते. कान, छाती, कंबर अशी पातळी नाही. ब्राह्मणाला कुशल आणि शूद्राला आरोग्य अशी वाटणी नाही. आणि एक बारीक गोष्ट सांगतो. मोर्चात, सभेत, लांबून हाक दिल्यासारखे 'जय भीऽऽम' म्हटले जाते, तेव्हा स्वर आपोआप लांबतो. पाणिनीने ज्यांच्यासाठी तो बंद होताना ऐकला, तेच आज तो लांबवतात.

म्हणूनच त्याचा राग येतो. २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला, तो मोबाइलवर वाजलेल्या बाबासाहेबांच्या गाण्यावरून सुरू झालेल्या भांडणानंतर. फोनची रिंग म्हणजे काय, यंत्राने घातलेला 'जय भीम'च. शहरात हिंसा होत नाही, तिथे उत्तर गिळले जाते. मी ज्या शिक्षणसंस्थेत नोकरी केली तिथे कार्यालयातील एक वरिष्ठ गृहस्थ 'नमस्कार'ला नमस्कार, 'रामराम'ला रामराम म्हणत, आणि माझ्या 'जय भीम'ला मान हलवत. सव्वीस वर्षे मान हलली, जीभ हलली नाही. त्यांना माझ्यातील ईश्वरी अंश दिसत नसावा.

आमच्या घरातही पाहण्यासारखे बरेच आहे. नेता आला की तरुण पोरे त्याच्या पायांवर डोके ठेवतात, आणि तो पाय मागे घेत नाही. राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता; तो भाषणांतून सांगणारेच पाय पुढे करतात. सभेच्या व्यासपीठावर प्रत्येक पुरुषाला नाव घेऊन जय भीम होतो, आणि 'उपस्थित माता-भगिनींना' एकगठ्ठा. नाव नाही, मात्रा नाही. पतंजलीचा 'हा मी' जरा बरा म्हणायचा.

आणि जय भीम सगळ्या दलितांचा झाला आहे का? मातंग बांधवांत 'जय लहुजी' आहे, चर्मकारांत 'जय रोहिदास' आहे. त्या नावांमागे त्यांचा इतिहास आहे, अभिमान आहे, आणि आम्ही त्यांना बरोबर घेण्यात जी कसूर केली तिची आठवणही आहे. माझ्या शाळेत एक मातंग शिक्षक होते. मी सकाळी 'जय भीम' म्हणे, ते 'जय लहुजी' म्हणत. पुष्कळ वर्षे असे चालले. प्रत्यभिवादनाचा हा सगळा विचार डोक्यात घोळू लागल्यावर एके दिवशी मी आधीच 'जय लहुजी' म्हटले. नेमके त्याच दिवशी त्यांच्या तोंडून 'जय भीम' निघाले. शिपाई पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता, तो म्हणाला, "गुरुजी, आता मी काय म्हणू?"